स्टॅटिक मूर्खांची लक्षणे

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिल्या समासात मूर्खांची लक्षणं सांगितली आणि दहाव्या समासात पढतमूर्खांची. ऐकणाऱ्याने ती ओळखावीत आणि टाकून द्यावीत, हा त्यांचा हेतू. तिकडे युरोपात इरॅस्मस नावाच्या डच विद्वानाचं मूर्खपणाच्या स्तुतीचं पुस्तक १५११ साली छापून आलं. त्यात मूर्खपणा स्वतःच व्यासपीठावर उभा राहून आपली थोरवी सांगतो. समर्थांची मांडणी आणि इरॅस्मसचा पक्ष घेऊन मला एका नव्या जातीच्या मूर्खांची लक्षणं सांगायची आहेत. ती अंगी बाणवावीत असं मला मनापासून वाटतं.

हे मूर्ख सॉफ्टवेअर लिहितात. ते काय करतं, कसं बसवायचं, कुठे अडतं हे सांगणारी वेबसाईटही तेच बांधतात आणि त्यासाठी स्टॅटिक साईट जनरेटर नावाचं साधन वापरतात. गोंदिया जिल्ह्यात असे लोक फार सापडणार नाहीत. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा तांदळाच्या गिरण्यांसाठी, नागझिऱ्याच्या जंगलासाठी आणि सारस पक्ष्यांसाठी ओळखला जातो. इथला पोरगा संगणक शिकला की गोंदिया जंक्शनवर गाडीत बसतो आणि नागपूर, पुणे, हैदराबाद गाठतो. तरीही ही लक्षणं पुण्याहून इथे जास्त शोभतात, असं माझं म्हणणं आहे.

लक्षण पहिलं: बटणं हाताशी असताना जो साधा मजकूर लिहितो, तो एक मूर्ख.

आज वेबसाईट बनवायला काहीच लिहावं लागत नाही. चित्र ओढून आणा, रंग निवडा, बटण दाबा, झालं. जगातल्या दर पाच साईटींपैकी दोन वर्डप्रेसवर चालतात आणि त्यांतल्या बहुतेक अशाच तयार होतात. आमचा मूर्ख मात्र एक कोरी फाईल उघडतो. शीर्षकाच्या आधी एक खूण, यादीच्या आधी एक रेघ, जोर द्यायच्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना एकेक तारा, एवढंच त्याचं व्याकरण. जॉन ग्रुबरने २००४ मध्ये मांडलेली ही मार्कडाउन नावाची लिहिण्याची पद्धत शिकायला एक दुपार पुरते.

शहाणा विचारतो, हा उद्योग कशाला? याचं उत्तर काळच देतो. साधा मजकूर कोणत्याही संगणकावर, कोणत्याही वर्षी उघडतो. कोणी कोणती ओळ कधी बदलली याची नोंद गिट नावाचं साधन ठेवतं, म्हणून देवरीच्या मुलाने केलेली दुरुस्ती बर्लिनमध्ये बसलेला माणूस ओळीने तपासून स्वीकारू शकतो. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत जगातली पहिली वेबसाईट केली ती अशाच साध्या पानांची होती. सर्नने २०१३ मध्ये ती तिच्या मूळ पत्त्यावर पुन्हा मांडली आणि आजच्या ब्राउझरमध्ये ती उघडते. दरम्यान किती भव्य, हलत्याडुलत्या साईटी कायमच्या मिटल्या! ज्याला आपलं लिहिणं टिकावं असं वाटतं, त्याने हा मूर्खपणा जरूर करावा.

लक्षण दुसरं: वाचक आलेला नसताना जो त्याच्यासाठी पान बांधून ठेवतो, तो एक मूर्ख.

नेहमीची साईट मागणी आली की पान तयार करते. वाचकाने पत्ता टाकला की सर्व्हर जागा होतो, डेटाबेसकडे जातो, तिथून तुकडे आणतो, ते जोडतो आणि पाठवतो. पुढचा वाचक आला की पुन्हा तेच. शंभर जणांना एकच पान हवं असेल तर शंभरदा तेच. या धावपळीला शहाणे चपळाई म्हणतात. जनरेटर हे सगळं काम आधीच करून मोकळा होतो. मजकुराच्या फायली आणि साचे घेतो, सगळी पानं एकदाच तयार करतो आणि एका फोल्डरमध्ये ठेवतो. वाचक आला की तयार पान उचलून द्यायचं, एवढंच सर्व्हरचं काम उरतं.

गोंदियाच्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. हा मामा तलावांचा, म्हणजे माजी मालगुजारी तलावांचा मुलूख आहे. कोहळी समाजाने बांध घालून पावसाचं पाणी अडवलं, कारण धानाला पाणी हवं असेल त्या दिवशी तलाव खोदायला घेऊन चालत नाही. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असं मानतात, आणि तो अजून पाणी धरून आहे. स्टॅटिक साईटचं तत्त्व हेच आहे. कष्ट गरजेच्या आधी करावेत, म्हणजे गरजेच्या वेळी फक्त देणं उरतं.

आणि गरजेची वेळ इथे खरोखर कठीण असते. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या जंगलाच्या तालुक्यांत फोनवरची नेटवर्कची काडी कधी असते, कधी नसते. फोन जुना असतो, डेटा मोजून वापरायचा असतो. अशा ठिकाणी दहा जागांहून तुकडे गोळा करणारं पान अर्ध्यावर अडकतं. आधी बांधलेलं, काही किलोबाइटांचं पान नेटवर्कची काडी दिसली तेवढ्या वेळात उतरून येतं आणि मग नेटवर्क गेलं तरी समोर राहतं. म्हणून ही लक्षणं पुण्याहून इथे जास्त शोभतात असं मी म्हणतो. जिथे सगळं वेगवान असतं, तिथे वाईट बांधणीही खपून जाते.

या मूर्खपणाने मोठी कामंही केली आहेत. २०१२ च्या अमेरिकी निवडणुकीत ओबामांच्या प्रचाराने वर्गणी गोळा करणारी पानं जेकिल नावाच्या जनरेटरने बांधली होती आणि त्या व्यवस्थेतून २५ कोटी डॉलर जमा झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकी सरकारने आरोग्यविम्याची साईट नव्या रूपात आणली. जूनमध्ये आलेली तिची माहितीची पानंही जेकिलनेच बांधलेली होती. १ ऑक्टोबर २०१३ ला विम्याची नोंदणी सुरू झाली आणि नोंदणीची यंत्रणा अशी कोलमडली की पहिल्या दिवशी फक्त सहा जणांची नोंदणी पूर्ण होऊ शकली. इथे न्यायाने बोललं पाहिजे. नोंदणीचं काम स्टॅटिक पानांना जमलंच नसतं. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, प्रत्येकाचा हप्ता वेगळा, ते त्या क्षणीच ठरवावं लागतं. रेल्वेचं आरक्षण, बँकेचं खातं, सातबाराचा उतारा यांनाही जिवंत डेटाबेस लागतोच. पण सॉफ्टवेअर कसं बसवायचं हे सांगणारं पान सगळ्यांना सारखंच दिसायचं असतं. ते दर वेळी नव्याने जुळवण्यात शहाणपण कसलं?

लक्षण तिसरं: एक अक्षर चुकलं म्हणून जो सगळी साईट पुन्हा बांधतो, तो एक मूर्ख.

वरकरणी ही निव्वळ उधळपट्टी दिसते. वेलांटी एका पानावर चुकली, बाकीची दोनशे पानं जशीच्या तशी आहेत, मग त्यांना हात कशाला लावायचा? पण साईटचं एक पान कधी एकटं नसतं. त्याचं शीर्षक मेनूत असतं, अनुक्रमात असतं, आधीच्या आणि पुढच्या पानाच्या दुव्यात असतं, शोधाच्या यादीत असतं. हाताने दुरुस्ती करणारा एक जागा हमखास विसरतो. सगळं पुन्हा बांधलं की जुनं शीर्षक कुठेही शिल्लक राहत नाही. टॉम प्रेस्टन-वर्नरने २००८ मध्ये जेकिल आणलं. त्याच वर्षी गेऑर्ग ब्रांडलने पायथॉन भाषेच्या दस्तऐवजांसाठी स्फिंक्स आणलं. पुढे २०१३ मध्ये स्टीव्ह फ्रान्सियाचं ह्यूगो आलं, तेव्हा हजारो पानं काही सेकंदांत बांधून होऊ लागली. आज लिनक्स कर्नलचे दस्तऐवज स्फिंक्स बांधतं आणि कुबरनेटीजचे ह्यूगो. जगातली बरीचशी यंत्रं ज्या सॉफ्टवेअरवर उभी आहेत, त्याची माहिती हे मूर्ख रोज पुन्हा पुन्हा मुळापासून बांधतात.

लक्षण चौथं, आणि सगळ्यांत थोर: प्रकाशित करायच्या आधी जो आपलंच पान आपल्याच संगणकावर परक्याच्या नजरेने पाहत बसतो, तो एक मूर्ख.

जनरेटरला एक आज्ञा दिली की तो तुमच्याच यंत्रात एक छोटा सर्व्हर उघडतो. ह्यूगोचा असेल तर १३१३ क्रमांकाच्या पोर्टवर, जेकिलचा ४००० वर, एमकेडॉक्स या आणखी एका जनरेटरचा ८००० वर. ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा पत्ता टाकला की साईट समोर येते. जगात ती फक्त तुम्हालाच दिसत असते. इंटरनेट लागत नाही. नेट गेलेलं असलं, लॅपटॉप बॅटरीवर असला तरी काम थांबत नाही. एका खिडकीत मजकूर, दुसरीत पान. इकडे फाईल सेव्ह केली की तिकडे पान आपोआप बदलतं. याला प्रिव्ह्यू म्हणतात. घाईतल्या माणसाला हा वेळेचा अपव्यय वाटतो. मजकूर तर लिहिला, तो बरोबर आहे हे माहीत आहे, मग पाहायचं काय?

मराठीत लिहिणाऱ्याने विचारावं, पाहायचं काय नाही! बहुतेक थीम इंग्रजी अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या असतात. त्यांच्या ओळींमधलं अंतर देवनागरीला अपुरं पडतं, मग वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आदळतात. जोर द्यायला तारे घातले की अक्षरं तिरकी होतात. रोमन लिपीत तिरप्या अक्षरांचं स्वतंत्र वळण असतं. देवनागरीत बहुतेक वेळा सरळ अक्षर नुसतं ढकलून वाकवलेलं असतं आणि शिरोरेघेखाली शब्द कलंडतो. फॉन्ट नीट नसेल तर 'दऱ्या'मधला र मोडून येतो. यांतलं काहीही मजकुराच्या फाईलमध्ये दिसत नाही. ते फक्त बांधलेल्या पानावर दिसतं.

ल आणि श यांची गोष्ट तर प्रत्येक मराठी लिहिणाऱ्याने लक्षात ठेवावी. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणाहून वेगळे असतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचं आणि अक्षरवळणांचं प्रमाणीकरण केलं, त्यात हे वळणही आलं. पुण्यात रेड हॅटच्या अभियंत्यांनी सांभाळलेला लोहित देवनागरी किंवा गूगलचा नोटो यांसारख्या फॉन्टांत दोन्ही वळणं साठवलेली असतात. पण त्यातलं कोणतं दाखवायचं हे फॉन्ट पानाच्या भाषेवरून ठरवतो, आणि पानाची भाषा थीमने गुपचूप इंग्रजी लिहून ठेवलेली असते. मग शुद्ध मराठी मजकूर परक्या वळणाने उमटतो. साच्यात भाषेच्या जागी मराठीची दोन अक्षरी खूण घातली की ल आणि श आपल्या घरी येतात. हा बदल एका ओळीचा आहे. पण प्रिव्ह्यूसमोर बसून 'हा ल आपला नाही' असं ज्याला जाणवलं, त्यालाच तो सुचतो.

याहून खोल गेलेला दोषही असतो. लांब पानावरच्या प्रत्येक उपशीर्षकाला स्वतःचा पत्ता मिळतो, म्हणजे कोणालाही थेट त्याच परिच्छेदावर पाठवता येतं. एमकेडॉक्स हा पत्ता शीर्षकाच्या अक्षरांवरून बनवतं, पण नेहमीच्या मांडणीत रोमनखेरीज बाकी अक्षरं गाळून टाकतं. पूर्ण मराठी शीर्षकाचं काहीच उरत नाही, म्हणून नुसते क्रमांक पडतात: एक, दोन, तीन. तुम्ही मध्ये एक नवं उपशीर्षक घातलं की खालचे सगळे क्रमांक सरकतात आणि कोणी जपून ठेवलेला दुवा भलत्याच मजकुरावर उघडतो. यावर युनिकोड अक्षरं राखणारा पर्याय आहे. तो लावला तर अक्षरं राहतात, पण पायथॉनचा नियम काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षर मानत नाही, म्हणून 'गोंदिया'चा पत्ता 'गदय' होतो! शेवटी मूर्ख प्रत्येक उपशीर्षकाला स्वतःच्या हाताने रोमन पत्ता देतो. हे सगळं प्रिव्ह्यूमध्ये दुवे दाबून पाहिले तरच कळतं. जो पाहत बसला नाही, त्याच्या वाचकाला ते कळतं, आणि वाचक सांगायला येत नाही. तो निघून जातो.

म्हणून या लक्षणाला मी सगळ्यांत वरचं स्थान देतो. प्रिव्ह्यू पाहणं म्हणजे आपण लिहिणारे आहोत हे बाजूला ठेवून, ज्याला काही माहीत नाही त्याच्या जागी बसणं. आपल्याला माहीत असलेली गोष्ट पानावर खरोखर आली आहे का, हे तपासण्याचा दुसरा मार्ग मला ठाऊक नाही.

लक्षण पाचवं: प्रिव्ह्यूमध्ये सगळं ठीक दिसल्यावरही जो विश्वास ठेवत नाही, तो एक मूर्ख.

घरच्या सर्व्हरवर जे चालतं ते बाहेर चालेलच असं नाही. विंडोजच्या लॅपटॉपला फाईलच्या नावातलं मोठं आणि लहान रोमन अक्षर सारखंच. लिनक्सच्या सर्व्हरला ते वेगळं. घरी दिसलेलं चित्र तिथे गायब होतं. ह्यूगोत कच्चं म्हणून खूण केलेलं पान विशिष्ट पर्याय देऊन पाहिलं तर प्रिव्ह्यूमध्ये दिसतं, पण प्रकाशित साईटमध्ये येतच नाही. गिटहब पेजेस या साईट ठेवण्याच्या सेवेवर प्रकल्पाची साईट बहुधा पत्त्याच्या एका उपविभागात राहते, त्यामुळे मुळापासून लिहिलेले दुवे घरी चालतात आणि तिथे तुटतात. म्हणून हा मूर्ख साईट प्रकाशित केल्यावर ती पुन्हा पाहतो. या वेळी स्वतःच्या लॅपटॉपवर पाहत नाही, घरातल्या सगळ्यांत जुन्या फोनवर, वायफाय बंद करून पाहतो. जिथे पान उमटायला वेळ लागतो, तिथलं चित्र लहान करतो. त्याने हे केलं हे कोणाला कळणारही नाही, आणि तरीही तो करतो. चांगल्या कारागिराची याहून सोपी ओळख नाही.

लक्षण सहावं: वाचणारे थोडे असताना जो मराठीत लिहितो, तो एक मूर्ख.

'प्रोग्रामर इंग्रजी वाचतात, मराठीत लिहून काय उपयोग?' हा प्रश्न शहाणे हमखास विचारतात. जो वाचतो त्याच्यासाठी इंग्रजी पानं आहेतच, आणि ह्यूगोसारख्या जनरेटरमध्ये एकाच साईटच्या अनेक भाषा शेजारी शेजारी नांदू शकतात. पण सॉफ्टवेअर फक्त प्रोग्रामर वापरत नाहीत. धान खरेदीचा हिशेब ठेवणारा, शाळेचं टाचण बनवणारा, ग्रंथालयाची यादी करणारा माणूस आमगाव-तिरोड्यातही आहे. त्याच्या घरी पोवारी, झाडीबोली, गोंडी किंवा छत्तीसगढी बोलली जाते, आणि शाळेपासून तो मराठीत लिहीत आला आहे. त्याला इंग्रजी सूचनांचं पान म्हणजे बंद दार. गिटहब पेजेस एक जीबीपर्यंतची साईट फुकट ठेवू देतं आणि महिन्याला १०० जीबीपर्यंत वाचकांना पुरवतं. मराठी मजकुराची पानं त्यात किती मावतील! जागेचा प्रश्न नाही, पैशाचाही नाही. लिहिणाराच काय तो हवा आहे.

आता पढतमूर्ख. समर्थांनी त्याला वेगळा समास दिला, आणि या क्षेत्रातही त्याला वेगळंच ठेवलं पाहिजे, कारण त्याची स्तुती मला करता येत नाही. पढतमूर्ख जनरेटर निवडत राहतो. आधी जेकिल घेतो, मग ह्यूगो वेगवान म्हणून तिकडे जातो, मग इलेव्हंटी मोकळी म्हणून तिकडे. थीम बदलतो, गडद रंगाची सोय करतो, मुखपृष्ठावर हलतं चित्र बसवतो. प्रिव्ह्यू तोही रोज पाहतो, पण त्यात रंग पाहतो. वर्ष उलटतं आणि 'सॉफ्टवेअर कसं बसवावं' या पानावर 'लवकरच येत आहे' एवढंच असतं. वरची सहाही लक्षणं वाचकासाठी आहेत. याचा वाचक तो स्वतःच. साधनाचा अभ्यास हे काम नाही, ती कामाची तयारी आहे, आणि तयारीला शेवट हवा.

गोंदियाच्या महाविद्यालयांत संगणक शिकणाऱ्या मुलामुलींना म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे. तुम्ही केलेलं सॉफ्टवेअर कितीही लहान असो, त्याचं एक पान मराठीत लिहा. जो जनरेटर आधी सापडेल तो घ्या. प्रिव्ह्यू चालू करा आणि तुमच्या विषयातलं काही न कळणाऱ्या माणसाला, आईला, काकाला, शेजारच्या दुकानदाराला समोर बसवून सांगा की यात लिहिलंय तसं करून पाहा. तो जिथे थांबेल तिथे बोलू नका, ती ओळ दुरुस्त करा आणि साईट पुन्हा बांधा. तो न विचारता शेवटपर्यंत पोचला की प्रकाशित करा. किती जणांनी पाहिलं याचा आकडा पाहू नका. रात्री अकरा वाजता कुठेतरी अडकलेल्या एका माणसाचं काम त्या पानाने पुढे गेलं, तर ते पान लिहिणं सार्थकी लागलं. शहाण्यांना तो एक माणूस हिशेबात धरता येत नाही. मूर्ख त्याच्यासाठीच लिहितो, आणि म्हणून या बाबतीत मी मूर्खांच्या बाजूने आहे.